बुटकी गाडी

रविवार, २२ फेब्रुवारी २००४, सावर्डे

रेसमध्ये पळालेली गाडी घेतली खरी, पण आई तिच्यात बसेना. "मेल्या, यात बसायचं की निजायचं?" म्हणे. एवढी ती बुटकी. आईला स्वतःच्या गाडीतून सावर्ड्याला माहेरी न्यायचं, म्हणून तर घेतली ना? मग?

काल लाँचवरचा दोस्त नझीर आला. गाडीत कंपनीचं काय आणि मागाहून बसवलेलं काय, ते शोधत दोघं खाली लोळलो. सायलेन्सर बाहेरचा, त्यावर दुबईच्या दुकानाचं लेबल. स्टिअरिंगही बाहेरचं. मध्येच बांगडेवाली आली, तिच्याशी गप्पांत किती वेळ गेला कोण जाणे. स्प्रिंगा मात्र कंपनीच्याच निघाल्या. मग गाडी एवढी खाली कशी? मी म्हटलं, जुन्या होऊन बसल्या असतील. नझीरने एका स्प्रिंगच्या टोकावरून बोट फिरवलं.

"बसल्या कसल्या! करवतीने कापल्यात रे येड्या."

कापलेल्या स्प्रिंगा! आणि मी गावभर हिच्या रेसिंग बांध्याचं कौतुक सांगत फिरलो होतो.

हातखंब्याच्या भंगारवाल्याकडे अख्ख्या स्प्रिंगा मिळाल्या. आज दुपारी बसवल्या, तर सगळा रुबाब गेला. गाडी शाळेतल्या मास्तरांच्या गाडीसारखी सरळ उभी राहिली. आई पदर खोचून आली, बसली, हातखंब्यापर्यंत दाराची मूठ घट्ट धरून राहिली. मला वाटलं, घाबरली.

निवळीच्या पुढे सरळ रस्त्यावर एक एसटी पुढ्यात आली. मी आपला शहाण्यासारखा तिच्या मागे. आईने माझ्या दंडाला चिमटा काढला.

"रेसची ना रे ही? मग काढ की पुढे!"