एका कलमाचं विधेयक

सोमवार, २ फेब्रुवारी
अधिवेशन सुरू. यंदा रोजनिशी नियमित लिहायची असा निश्चय केला आहे. ही कुणी वाचायची नाही, म्हणून कपाटात कुलपात ठेवणार. किल्ली हिच्याकडे असते, पण तिला माझ्या राजकारणात रस नाही असं ती लग्नापासून सांगते आहे.

यंदा आपण तीन आघाड्यांवर. ऊर्जा समिती, व्यापार समिती, आणि बालसंरक्षणावर काहीतरी ठोस. एकाच अधिवेशनात एवढं ओझं उचलणारा सभागृहात दुसरा कोणी नाही. पीए म्हणाला, साहेब, बाकीच्यांनी नको म्हटल्यावर त्या समित्या आपल्याकडे आल्या. माणूस प्रामाणिक आहे, पण राजकारण त्याला कळत नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी
बाई आल्या होत्या. चौथीत मला शिकवायच्या. आता निवृत्त आहेत, पण अजून अरे-तुरे करतात, तेही पीएच्या देखत. हातात जाड फाइल. म्हणाल्या, आधी बस, मग ऐक. माझंच ऑफिस, पण बसलो.

विषय मुलांच्या हेल्पलाइनचा. एखाद्या मुलाला कुणी मारलं, छळलं, तर त्याने फिरवायचा तो नंबर. संध्याकाळी पाचला बंद होतो. पुढे टेप वाजते, कृपया कामकाजाच्या वेळेत संपर्क साधावा. बाईंच्या शेजारची मुलगी, वय अकरा. घरातल्याच माणसाने तिला खोलीत कोंडून घातलं होतं. तिने आतून सात वेळा फोन केला. सातही वेळा टेप. दुसऱ्या दिवशी बाईंनी चार माणसं जमवून दार उघडायला लावलं. आता ती बाईंकडेच राहते.

बाईंचं म्हणणं, कायदा एका ओळीचा कर. 'हा फोन चोवीस तास माणसानेच उचलावा.' बस्स.

मला भडभडून आलं. डोळे पुसले. पीएला दिसावं म्हणून जरा सावकाश पुसले.

गुरुवार, ५ फेब्रुवारी
विधेयक तयार. मी सत्तावीस कलमं घातली होती, प्रस्तावना वेगळी. बाईंनी लाल पेनाने सव्वीस खोडली. चौथीत माझे निबंधही असेच परत यायचे.

मोठी बातमी ही की सदस्यांच्या विधेयकांच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि माझं पहिल्या पाचांत! सभागृहाला माणसाची पारख आहे म्हणायची. पीए म्हणाला, चिठ्ठी शिपायाने डोळे मिटून काढली. असेना का, काढली तर माझीच ना.

तारीख शुक्रवार, २७. नाव पुकारलं की उभं राहून 'मी विधेयक मांडतो' एवढंच म्हणायचं असतं. सदस्य जागेवर नसला तर विधेयक बाद, आणि या सभागृहाची मुदत संपेपर्यंत पुन्हा आणता येत नाही. पीएने हे दोनदा सांगितलं. मला हसू आलं. गेली दहा वर्षं मी उभाच राहतोय की!

सोमवार, ९ फेब्रुवारी
ऊर्जा समिती. कोळसा, धरणं, वारा, ऊन, सगळ्यांवर पंचवीस मिनिटं बोललो. अध्यक्ष डोळे मिटून एकाग्रतेने ऐकत होते.

शेवटी ठोस सूचना मांडली. आपल्या इमारतीत, कॅन्टीनपासून बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत, सभागृहातलं कामकाज ऐकवणारे स्पीकर दिवसभर कोकलत असतात. ऐकतं कोण? बंद करा. वीज वाचेल. जेवणाची वेळ झाली होती, सूचना एकमताने मंजूर! दहा वर्षांतली माझी पहिली मंजूर सूचना. परिपत्रकावर मलाच सही करायला लावली. झोकात केली.

घरीही वीजबचत सुरू. गिझर बंद. ही म्हणाली, सुरुवात तुमच्या खोलीतल्या एसीपासून करा. उद्या विचार करतो.

गुरुवार, १२ फेब्रुवारी
व्यापार समितीत वातावरण तापलं आहे. शेजारच्या देशाने आपल्या बटणांवर जबर कर लावला. आपण लगेच त्यांच्या चेनवर लावला. पँटच्या चेनवर. माझ्या मतदारसंघात बटणांचा कारखाना आहे, म्हणजे हा थेट माझ्यावर हल्ला. कारखान्याचे मालक भेटून गेले, नुसते डोळे वटारून गेले.

प्रतिज्ञा केली, वाद मिटेपर्यंत शेजाऱ्यांची चेन अंगावर घालणार नाही. शिंप्याने सगळ्या पँटच्या चेन उसवून बटणं लावून दिली. प्रत्येकीला सहा. ही म्हणाली, वय काय, हौस काय. बाथरूमला आता सात मिनिटं लागतात. देशासाठी एवढं सोसायलाच हवं.

मंगळवार, १७ फेब्रुवारी
बाईंचा फोन. भाषण झालं का लिहून? म्हटलं, चाळीस पानं झाली. म्हणाल्या, अरे, विधेयक एका ओळीचं आहे. फाइल वाचलीस का? म्हटलं, वाचतोच आहे. फाइल अजून पीएच्या टेबलावर आहे. उद्या पहाटे पाचला उठून अथपासून इतिपर्यंत वाचणार. निश्चय.

बुधवार, १८ फेब्रुवारी
उठलो नाही. वीजबचतीसाठी फोन चार्जिंगला लावला नव्हता, गजर वाजणार कसा? यात माझी काय चूक?

शनिवार, २१ फेब्रुवारी
फाइल उघडली. पहिल्याच पानावर त्या मुलीचं अक्षर. कुठल्या वेळी फोन केला ते तिने वहीच्या कागदावर ओळीने लिहून ठेवलंय. सहा चौतीस. सहा छत्तीस. सहा एकेचाळीस. पुढे सव्वासातपर्यंत. अक्षर सुबक आहे, पट्टीने रेघा मारल्यात. शेवटच्या वेळेपुढे लिहिलंय, 'बाईंचा आवाज छान होता.' टेपवरच्या बाईचा.

पुढे वाचवेना. खरंच वाचवेना. फाइल मिटली.

संध्याकाळी बटणांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन. गर्दी बेताची.

गुरुवार, २६ फेब्रुवारी
उद्या! बाईंना आणि मुलीला प्रेक्षक गॅलरीचे पास पाठवले, पहिल्या रांगेचे. बाई म्हणाल्या, पोरीने विचारलंय, साहेब बोलले की टाळ्या वाजवायच्या का. सांगितलं, तिथे चालत नाही. ऐकून मला गहिवरून आलं. आपल्यावर कुणी एवढा विश्वास टाकला की माणूस आतून हलतो. या पोरीसाठी आपण हे करणार म्हणजे करणार.

आरशासमोर भाषणाची तालीम केली. ही पूर्ण बसून ऐकत होती. म्हणाली, चांगलं आहे हो, फक्त जागेवरून हलू नका.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी
दुपारी २.१०. जागेवर. इस्त्रीचा कोट. वर पाहिलं, बाई बसल्या आहेत. शेजारी दोन वेण्या. मी हात केला, तिनेही केला.

२.३०. माझ्या आधी दोन विधेयकं आहेत. एकेक तासभर तरी चालेल.

२.३५. टीव्हीवाल्या बाईंचा निरोप. शेजाऱ्यांच्या मंत्र्याने आपल्या बटणांना तकलादू म्हटलंय! लगेच प्रतिक्रिया हवी, लाइव्ह, बाहेरच्या पायऱ्यांवर. पीएने गॅलरीतून दोन्ही हात हलवून नको नको केलं. दोन बोटं दाखवली, दोन मिनिटांत आलो.

५.००. शांतपणे लिहितो.
बटणांवर मी कडाडून बोललो. मग टीव्हीवाल्या बाईंनी आजच्या विधेयकाबद्दल विचारलं. आता त्याला नाही कसं म्हणणार? ज्या मुलांची हाक कुणी ऐकत नाही त्यांच्याबद्दल असा काही बोललो की कॅमेरावाल्याने खिशातून रुमाल काढला. पायऱ्यांवर अगदी निवांत होतं. एरवी तिथे स्पीकर कोकलत असतो.

आधीच्या दोघांनी आपापली विधेयकं उभ्या उभ्या मागे घेतली म्हणे. दोन वाजून बावन्न मिनिटांनी माझं नाव पुकारलं. तीनदा पुकारलं. पीए जिने उतरून धापा टाकत पायऱ्यांवर आला. मी पळालो. आत पोचलो तर मासेमारीवर चर्चा चालू. हरकतीचा मुद्दा घेतला. सभापती म्हणाले, सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं. नोंद झाली, सदस्य अनुपस्थित, विधेयक बाद.

वर पाहिलं. दोन्ही खुर्च्या रिकाम्या.

स्पीकर कुणी बंद केले, याची तातडीने चौकशी लावा म्हणून मी पीएवर ओरडलो. त्याने परिपत्रक पुढे ठेवलं. सही ओळखीची होती.

शनिवार, २८ फेब्रुवारी
प्रसिद्धीपत्रक लिहायला घेतलं. 'तांत्रिक कारणास्तव' असा शब्द योजला. ही म्हणाली, सरळ चुकलो म्हणा. राजकारणात असं म्हणत नाहीत. टीव्हीवर मुलाखत दाखवली, नऊ सेकंद. नऊच्या नऊ सेकंद बटणं.

बाईंना फोन करायचा आहे. उद्या करतो.

रविवार, १ मार्च
रविवारी कुणाला त्रास देऊ नये.

सोमवार, २ मार्च
बाईच आल्या, फाइल न्यायला. आज बस म्हणाल्या नाहीत. मी आपणहून सगळं सांगितलं. स्पीकर, मागे घेतलेली विधेयकं, टीव्ही. गृहपाठ घरी राहिला म्हटलं की ऐकायच्या तशा ऐकत होत्या. मग म्हणाल्या, शाळेत तू कसाही होतास, पण हजेरीला वर्गात असायचास रे.

नवीन सभागृह यायला अडीच वर्षं आहेत. तेव्हा पलीकडच्या बाकावरच्या एक बाई हे विधेयक आणायला तयार आहेत. तोवर पाचनंतर टेपच.

मला राहवेना. विचारलं, पोरगी काय म्हणाली? मनात होतं की रागावली असेल, तर भेटून समजूत काढता येईल. मुलांशी माझं चांगलं जमतं. बाई सांगायला तयार नव्हत्या. मी फारच गळ घातली तेव्हा म्हणाल्या, रागावली नाही. तिसऱ्यांदा नाव पुकारलं तेव्हा घाबरून माझा हात धरला आणि म्हणाली, त्यांना कुणी कोंडून घातलं असेल का?

तुम्ही काय सांगितलंत, मी विचारलं. बाई म्हणाल्या, हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते तिला?

मी खाली मान घालून बसलो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

बाई फाइल काखेत घेऊन उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, तेव्हापासून रोज विचारते, सुटले का ते.