उस्तादांची किताब, माझी पेन्सिल

२ एप्रिल १९२८
सकाळची शाळा. दुपारी सात रस्त्याजवळ उस्तादांच्या दुकानी. पुस्तकं बांधता बांधता ते मला अरबी शिकवतात. हात टाक्यांवर, कान माझ्याकडे. आज शब्दांच्या शेवटांचा धडा. करणाऱ्याच्या शेवटी ‘उ’, ज्याला केलं त्याच्या शेवटी ‘अ’, ज्याचं त्याच्या शेवटी ‘इ’. अर्थाचा सगळा भार एवढ्याशा स्वरावर, आणि तोच कागदावर लिहीत नाहीत! आमच्या संस्कृतात विभक्ती कशी ढळढळीत दिसते. म्हटलं, मग वाचायचं कसं? तर म्हणे, “आदी समजायचं मास्तर, मंग वाचायचं.” उलटीच गंगा.
घरी येईस्तोवर तोंडात उ, अ, इ. उन्हातून चाललोय हे कळलंच नाही.

५ एप्रिल
उस्ताद आठवडाभर बार्शीला, लेकीकडे. जाताना त्यांच्या वडिलांनी हातानं लिहिलेली अरबी किताब माझ्याकडे दिली. दुकानाबाहेर ती कधी गेली नव्हती. अट एकच, तिच्यावर खूण करायची नाही. वडिलांनी त्यांनाही करू दिली नव्हती. पान तीनदा बिनचूक म्हटल्यावरच उलटायचं, ही त्यांच्या घरची रीत.

८ एप्रिल, रविवार
जेवून ओसरीवर पडलो, किताब छातीवर. डोळे मिटले तरी अक्षरं तरंगतच होती. कोण करणारा, कोण सोसणारा, काही कळेना, आणि तरी गोड वाटत होतं. दूर कुठं गिरणीचा भोंगा. मग पेन्सिल घेतली. शब्दांच्या शेवटी स्वरांच्या खुणा केल्या, अगदी फिकट. एक पान, मग दुसरं... चौदा झाली. सगळं घडाघडा वाचता आलं. फार सुख झालं.
सौ. म्हणाली, पुस्तक दुसऱ्याचं ना?

१० एप्रिल
रबरानं खुणा पुसल्या. चौदाव्या पानावर पेन्सिलीबरोबर जुनी शाईही निघाली. अख्खी ओळ. आठवायला गेलो तर मी घातलेले स्वर आठवतात, शब्द नाहीत.

१४ एप्रिल
उस्ताद आले. तेरा पानं म्हणून दाखवली, बिनचूक. चौदाव्यापाशी थांबलो. जवळचं त्यांना आता धड दिसत नाही, टाकेही अंदाजानंच. खूश झाले. मुलगा नाही, लेक वाचत नाही. किताब तुमचीच म्हणाले. नव्यानं बांधून देणार. म्हणजे शिवण उसवून एकेक पान बोटांखालून जाणार, आणि त्यांच्या बोटांना कागद कळतो. तरी बोललो नाही. भित्रा आहे मी.

१६ एप्रिल
वर्गात लक्ष नव्हतं. शाळा सुटताच जवळजवळ धावत गेलो. निम्मी उसवून झाली होती. चौदावं पान मांडीवर, बोट त्या ओळीवरून फिरत होतं. सगळं सांगून टाकलं. पेन्सिल, रबर, भीती, तेरा पानांचं नाटकसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं. मग बोट त्या ओळीवरच ठेवून म्हणाले,
“अब्बांनी मला ह्याच पानावर तीन म्हयने बसवलं हुतं.”
एवढंच. ओळ तुम्हाला पाठ असेल ना, विचारलं. मान हलवली, हो की नाही, कळलं नाही. पान गड्डीत ठेवून सुईत दोरा ओवायला लागले. जाईना. मी हात पुढं केला. जरा थांबले, मग सुई दिली. ओवून दिली.
निघताना ‘उद्या या’ म्हणाले नाहीत. येऊ नका, असंही नाही.