पाय मोडलेल्या गिऱ्हाइकासाठी तीन पिक्चर

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय धाकटोबा,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझा पाय कसा आहे? जिना उतरताना फोनमध्ये डोकं खुपसलं की असंच होतं, हे मी बोलणार नव्हते, पण बोलले. बायकोला सांग, याच्या लाडांना बळी पडू नकोस. लहानपणी नुसतं अंग कोमट लागलं तरी हा पाणीसुद्धा चमच्याने प्यायचा.

"पडून पडून कंटाळलोय, जुने चांगले पिक्चर सुचव," असा तुझा मेसेज मिळाला. उत्तर फोनवर देता आलं असतं. पण फोनवर मी बाबांचं नाव काढलं की तू "बरं, ठेवतो, कुणीतरी आलंय" म्हणतोस. तुझ्या घरी इतकी माणसं येतात याचं मला कौतुकच वाटतं. म्हणून पत्र.

तर पिक्चर. मी सुचवलेले नाहीत हं. मला काय कळतं? चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवणारी मी. ज्यांना कळतं त्यांनाच विचारलं. लगेच पत्र बाजूला ठेवू नकोस. तुझं नाव सांगितलं नाही. "एक गिऱ्हाईक आहे, तिशी उलटलेलं, पाय मोडून घरात पडलंय," एवढंच म्हटलं.

बाबा एकदम ताठ बसले, कॅसेट लायब्ररीच्या काउंटरमागे बसायचे तसे. मागितलेली कॅसेट ते कधी म्हणून द्यायचे नाहीत, आठवतंय? आधी चेहरा बघायचे, दोन प्रश्न विचारायचे आणि मागच्या फळीवरून भलतंच काहीतरी काढून हातात ठेवायचे. सगळी गल्ली त्यांना कंपाउंडर म्हणायची ती उगाच नाही. या वेळीही रीतसर चौकशी झाली.

"झोप लागते का त्याला?"

"लागते."

"चिडचिड?"

"भरपूर."

"पाय मोडायच्या आधीपासून?"

मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू?

पहिला पिक्चर नावाड्याचा. नदीवर पूल होतो, आणि तरी हा रोज सकाळी नाव धुऊन काठावर उभा राहतो. संथ आहे, पण पळवत पळवत बघायचा नाही अशी ताकीद आहे. दुसरा हसण्याचा. लग्नात वाजवायला निघालेला बँड चुकून शेजारच्या घरात शिरतो. तिथे म्हातारा नुकताच गेलेला. यांना सांगायचं कुणी, या घोळात कुणीच सांगत नाही आणि बँड आपला वाजतच राहतो. हा बायकोबरोबर बघ. तिसरा टेलिफोन जोडून देणाऱ्या बाईचा. गावभरची भांडणं तिच्या कानावरून जातात. शेवटी तिला राहवत नाही आणि ती अबोला धरलेल्या दोन भावांचे फोन आपल्या मनानेच एकमेकांना जोडून देते. हा मी मुद्दाम घुसडला असं तुला वाटेल. तुझी शपथ, त्यांनीच दिला. तिन्हींची नावं वेगळ्या कागदावर लिहून सोबत टाकली आहेत.

झालं तुझं काम. इथेच सही करून पाकीट चिकटवावं, असं सकाळपासून मनात येतंय.

पण ती नावं बाबांनी सांगितलेली नाहीत. मी शोधून काढली. त्यांना आता नावं आठवत नाहीत रे, गोष्टी तेवढ्या आठवतात. आधी नटांची नावं गेली, तेव्हा मी वय झालं म्हणून सोडून दिलं. मग गल्लीतल्या माणसांची जायला लागली.

मागच्या महिन्यात डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला गोड. त्यांनी विचारलं, "आजोबा, आजी कुठे असतात?"

बाबा म्हणाले, "बोटीने गेली. मी धक्क्यावर उभा होतो. तिने रुमाल हलवला नाही, कारण तो माझ्याच खिशात राहिला होता."

बाईंचे डोळे भरून आले. हातातलं पेन ठेवून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, "अहो, हा पिक्चर आहे! आमची आई घरातच गेली, हृदयविकाराने. बोटीत ती जन्मात बसली नाही." घरी येताना मला त्या प्रसंगाचं हसू यायला लागलं. आवरेचना. बाबा शेजारी बसून काळजीने माझ्याकडे बघत होते, आणि मग मला कळलं की मी हसत नाहीये.

रोज सकाळी ते कॅसेटचं दुकान उघडायला निघतात. तिथे आता सलून आहे. सलूनवाला भला माणूस, कोपऱ्यातली खुर्ची त्यांना देऊन टाकली आहे. बाबा तिथे बसून अर्ध्या कापलेल्या डोक्यांना पिक्चर सुचवतात. फळ्या कुठे गेल्या म्हणून विचारलं तर तो म्हणतो, "रंग द्यायला काढल्यात, काका." आपल्या दुकानाला इतका रंग आयुष्यात कधी लागला नव्हता.

त्या फळ्या तू रिकाम्या केल्यास, त्याचा दोष मी तुला कधीच दिला नाही. कॅसेटींना बुरशी चढली होती, जागेचा मालक उंबरा झिजवत होता, आणि बाबांना विचारलं असतंस तर ते मरेपर्यंत हो म्हणाले नसते. ते मामाकडे गेलेले बघून तू सगळं भंगारात घातलंस. परत आल्यावर ते म्हणाले, "माझं दुकान टाकलंस, आता मलाही टाक." आणि तू बॅग उचलून निघालास. हट्टाला दोघेही सारखे. ते तुझ्या लग्नाला आले नाहीत. आणि तू तेव्हापासून एकच धरून बसला आहेस, की त्यांनी बोलावलं तरच येईन.

तेच सांगायचंय रे. ते आता बोलावणार नाहीत. राग आहे म्हणून नाही. राग गेला. पण ज्याच्यावर राग होता तोही त्याच्याबरोबर गेला. "तुमचा मुलगा" म्हटलं की ते परक्याच्या मुलाबद्दल ऐकावं तसं सभ्यपणे ऐकून घेतात. आणि माझं म्हणशील, तर सकाळी चहा दिला की म्हणतात, "बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" बाबा मला अहो-जाहो करतात, धाकटोबा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाथरूममध्ये नळ सोडून रडले. आता "त्रास कसला" म्हणते आणि कप उचलते.

पण एक गिऱ्हाईक त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. मी दुकानातून आले की चप्पल काढायच्या आत विचारतात, "तो पाय मोडलेला आला का? आवडला का त्याला?" आवडता प्रसंग सांगितल्याशिवाय कॅसेट परत घ्यायची नाही, हा त्यांचा नियम अजून शाबूत आहे. घरातलं कुणी आठवत नाही, पण तुझी ते रोज वाट बघतात. काल मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "बाई, त्याला कितीही उशीर झाला तरी दंड लावू नका हं. येईल बिचारा."

यापेक्षा मोठी माफी तुला आता कुणाकडून मिळायची नाही.

हे गिऱ्हाईक तरी किती दिवस आठवेल, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी सांगता येत नाही म्हटलं, आणि नजर टेबलाकडे वळवली. म्हणून प्लास्टर निघालं की लगेच ये. काठी टेकत ये. क्षमा वगैरे मागू नकोस, कशाची ते त्यांना कळणार नाही आणि ते घाबरतील. समोर बसून प्रसंग सांग, एवढंच. ते तुला साहेब म्हणतील. म्हणू दे. सवय होते.

होत नाही. पण तू ये.

या घरात तुला अजून नावाने ओळखणारी,
ताई