होडी लोटणारा खांदा

सिंगापूर, जुलै १९९९

आये, तुझ्या पायांवर तुझ्या कान्हाचं डोकं.

काल भारताच्या टीममधून रग्बीची मॅच खेळलो. मी प्रॉप, म्हणजे पहिल्या ओळीतला टेकू. दोन्हीकडची माणसं खांदे भिडवून रेटतात. आपण चेंदणीला गाळातून होडी लोटतो ना, अगदी तसं; फक्त इथली होडी उलटी आपल्यालाच लोटते!

जेवण झकास आहे, पण मासळीचा रस्सा गोड गं! बाबांचा खोकला कसा आहे?

सगुणाताई, आयेला इथपर्यंतच वाचून दाखव. माझी मान दुखावलीय, हाताला मुंग्या येतात, म्हणून अक्षर वाकडं. डॉक्टर म्हणतात, खेळ संपला. नारळी पौर्णिमेला होडी लोटायला बाबांनी दुसरा खांदा बघावा, हे त्यांना तूच सांग. माझ्याच्याने होणार नाही.

तुझा कान्हा