आडवी रेघ, आडवी रेघ आणि बाबांचं दुकान

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरल्यामुळे तो तूर्त मनातल्या मनात घातला आहे, तरी घातलाच असं समजून आशीर्वाद द्यावा.) भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? मुलं अभ्यास करतात की नुसतीच पुस्तकं उघडून बसतात? इकडे आम्ही सगळे ठीक. बाबांची तब्येत उत्तम, डोळे सोडून. डोळ्यांचं तुला ठाऊकच आहे. समोर बघितलं की मधोमध धुकं, कडेकडेनं थोडंफार दिसतं, आणि गेलेली नजर काही परत यायची नाही असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं आहे. त्यामुळे हल्ली माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाकडे बघतात. पहिले काही दिवस मला वाटलं रागावलेत.

तुझं पत्र पोचलं. येत्या सुट्टीत येऊन कुलपांचं दुकान आवरायचं आणि बाबांना तुझ्याकडे घेऊन जायचं, हे तू ठरवलंस ते मायेपोटीच, याबद्दल मला शंका नाही. तुझं म्हणणंही रास्त आहे. जन्मभर कुलपं खोलण्यात गेलेली बोटं डोळ्यांवाचून काम करतील, पण त्या भिंतभर खणांवरच्या चिठ्ठ्या कोण वाचणार? कोरी किल्ली कुठे, स्प्रिंगा कुठे, कपाटाच्या कुलपाचे सुटे भाग कुठे? मध्यंतरी एका बाईंच्या पेटीच्या कुलपात त्यांनी भलताच भाग बसवला आणि ती पेटी शेवटी करवतीनं कापावी लागली. त्या बाई वर मजुरीही देऊन गेल्या, आणि बाबांना तेच जास्त लागलं. तू म्हणालीस, तुझ्या त्या कॉम्प्युटरनं काही होतंय का बघ, नाहीतर मी येतेच. म्हणून मी रजा टाकून दुकानात ठाण मांडलं. त्याचा हा वृत्तांत.

माझं काम काय हे तुला कधी नीट कळलेलं नाही (भाऊजी अजून लोकांना सांगतात की मेहुणा टायपिंग करतो), तेव्हा आधी ते सांगतो. कॉम्प्युटरवर ही चित्रंबित्रं यायच्या आधीपासून एक काळा पडदा आहे, त्याला टर्मिनल म्हणतात. तिथे फक्त अक्षरं. ना चित्र, ना माऊस. त्या पडद्यावर मी मेनू लिहितो, म्हणजे पर्यायांची रांग. बाणाचं बटण दाबत खाली उतरायचं, हव्या त्या ओळीवर थांबायचं, एंटर मारायचं की काम झालं. हॉटेलातल्या मेनूसारखंच, फक्त इथे मागवलेलं लगेच येतं आणि गार नसतं. तू हसशील, पण चांगला मेनू बघितला की मला अजून भरून येतं. समोरच्याला काय हवंय हे ओळखून ते नेमकं त्याच्या हाताखाली ठेवणं, हे साधं काम नाही गं.

तर बाबांसाठी मी असा मेनू केला की बघत राहावं. भोवती दुहेरी रेघांची चौकट, मधोमध दुकानाचं नाव, डावीकडे खणांची रांग, उजवीकडे खणात काय आहे ते. ज्या ओळीवर आपण आहोत ती पिवळ्या पट्ट्यानं उजळते आणि तिच्यासमोर तारा येतो. शेवटच्या ओळीवरून आणखी खाली गेलं की आपोआप पहिली ओळ. कुठला पिवळा घ्यावा, हळदीसारखा की लिंबासारखा, यावर माझा अख्खा रविवार गेला. ऑफिसातल्या मंडळींना दाखवला तर सगळ्यांनी पिवळ्याचं तोंड भरून कौतुक केलं. ज्याला समोरचं काही दिसत नाही अशा माणसासाठी आपण रंग निवडतोय, हे आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही. आम्ही सगळे या धंद्यात मुरलेले आहोत, हे लक्षात घे.

बाबांच्या कॉम्प्युटरवर पडदा वाचून दाखवणारा एक प्रोग्राम आहे. त्याचा आवाज बाईचा आणि करडा, म्हणून बाबा तिला मास्तरीणबाई म्हणतात. मेनू सुरू केला, बाबा हात जोडून ऐकायला बसले, आणि मास्तरीणबाईंनी वाचायला घेतलं: आडवी रेघ, आडवी रेघ, आडवी रेघ, आडवी रेघ. माझी ती दुहेरी चौकट त्या बाई प्रामाणिकपणे, एकेक रेघ मोजून वाचत होत्या. बाबांनी वरची कड पूर्ण ऐकून घेतली आणि मग विचारलं, अजून किती आहेत? मी म्हटलं बाण दाबा. बाण दाबला की माझा मेनू सगळा पडदा नव्यानं रंगवतो (डोळ्यांना ते कळतसुद्धा नाही, इतकं ते झटपट होतं, याचा मला अभिमान होता), त्यामुळे बाईंनी पहिल्यापासून सुरुवात केली. आडवी रेघ, आडवी रेघ. पिवळा पट्टा त्यांना दिसत नाही. ताऱ्यापर्यंत त्या पोचायच्या आत बाबा पुढचा बाण दाबायचे. शेवटच्या ओळीवरून पहिलीवर जायची सोय मी केलेली होतीच, त्यामुळे ते बिचारे गोल गोल फिरत राहिले.

शेवटी कंटाळून त्यांनी अंदाजानं एंटर मारलं. ते नेमकं ‘काढून टाका’वर पडलं. असं होऊ नये म्हणून मी ‘नक्की?’ असा प्रश्न ठेवला होता, पण ताई, आपल्या बाबांना आयुष्यात कधी नक्की नाही असं झालंय का? त्यांनी ‘हो’ दाबलं आणि कपाटाच्या कुलपांचे सगळे खण मेनूतून गेले. (भिंतीवरचे जागेवर होते, आणि माझ्याकडे दुसरी प्रत होती, तेव्हा घाबरू नकोस.) बाबांनी चष्मा काढला. हल्ली त्याचा उपयोग नाही, सवयीनं लावतात. तो घडी करून खिशात ठेवला आणि हळूच म्हणाले, ताई बरोबर म्हणते. बस, एवढंच. आपल्या बाबांनी दुसऱ्या कुणाला बरोबर म्हटल्याचं मी प्रथमच ऐकत होतो, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. घरी जाऊन जेवलोसुद्धा नाही नीट.

आता तुझ्या भावजयीचं कौतुक. मी पडेल चेहऱ्यानं बसलो होतो आणि ती कपड्यांच्या घड्या घालत, फोन मान आणि खांद्यात धरून, वीज कंपनीच्या तक्रार विभागाशी झुंजत होती. तिकडून ती यंत्रातली बाई सांगत होती, बिलाच्या तक्रारीसाठी एक दाबा, दिवे गेले असल्यास दोन दाबा. फोन आपटल्यावर हिनं मला सुनावलं की, ही बाई माझं डोकं उठवते, पण इतक्या वर्षांत मी हिच्याकडे वाट कधी चुकले नाही, आणि मी हिच्याकडे एकदा तरी बघितलंय का? तुम्ही बाबांना बघायचा मेनू दिलात, ऐकायचा द्या की. एवढं बोलून ती उशांचे अभ्रे घेऊन आत गेली. इतकी वर्षं मेनू लिहितोय आणि मेनूला आवाज असतो हे मला घरात बसून कळलं.

मग मी चौकट काढली. (हे लिहिताना अजून हात जड होतो.) रंग काढले, तारा काढला, बाण काढले. पडदा पुन्हा रंगवायचाच नाही, नवी ओळ नुसती खाली येईल आणि जुनी वर सरकेल. प्रत्येक ओळीत आधी काम आणि मग आकडा, कारण आकडा आधी सांगितला तर काम ऐकेपर्यंत तो विसरतो. ‘किल्ली शोधणं, एक. स्प्रिंग शोधणं, दोन.’ बाबांनी लगेच दुरुस्त्या सुरू केल्या. ‘कृपया’ काढ, मी माझ्याच दुकानात विनंती का ऐकू? बटण दाबलं की बाईंनी तिथल्या तिथे गप्प बसलं पाहिजे. ‘काढून टाका’ टाक नऊवर, कोपऱ्यात. (त्यांनी सगळा मेनू तिखट आवाजात वाचायचीही मागणी केली होती, गिऱ्हाइकावर वचक राहतो म्हणून. ती मी फेटाळली.) आकड्यांच्या बटणांत पाचवर एक बारीकसं टेंगूळ असतं, तुला माहीत होतं? मला नव्हतं. बाबांना बोटानं सापडलं. पाच सापडला की बाकीचे भोवतीच असतात. हे ज्यानं केलं तो खरा कारागीर, असं म्हणून त्यांनी दिवसभर त्या अज्ञात माणसाची स्तुती केली. माझी नाही केली.

आणि परवा परीक्षा झाली. समोरचे दाताचे डॉक्टर हातमोज्यांसकट धावत आले. अवजारांच्या कपाटाची किल्ली कुलपात मोडली होती, आणि खुर्चीत एक पेशंट जबडा बधिर करून, तोंड उघडं टाकून बसला होता. इंजेक्शनाचा असर उतरायच्या आत कपाट उघडायला हवं होतं. मी उठणार तोच बाबांनी माझ्या कानाकडे असं बघितलं की मी पुन्हा बसलो. त्यांनी बटण दाबलं. मास्तरीणबाई ‘किल्ली’ एवढंच म्हणाल्या आणि बाबांनी पुढचं दाबलं, त्या ‘कपा’ म्हणाल्या आणि बाबांनी त्याच्याही पुढचं दाबलं. बाईंना एकही वाक्य पुरं करू दिलं नाही. मग त्या एकदाच सलग बोलल्या, उजवी भिंत, तिसरी रांग, चौथा खण. बाबा उठले, बोटांनी रांगा मोजल्या, खण ओढला आणि कोरी किल्ली काढून अंगठ्यानं चाचपली. बरोबर होती. ताई, मी खुर्चीत बसल्या बसल्या डोळे पुसले. डॉक्टरांना वाटलं मलाही दातदुखी आहे.

पलीकडे जाऊन बाबांनी चिमट्यानं मोडका तुकडा काढला, बोटाच्या अंदाजानं कानस चालवून किल्ली घासली, कपाट उघडलं. पेशंटनं खुर्चीतूनच अंगठा वर केला, कारण दुसरं काही करणं त्याला शक्य नव्हतं. परत येताना बाबा रस्त्याच्या मधोमध थांबून मला म्हणाले, ठीक आहे तुझा मेनू, जरा हळू चालतो. आपल्या बाबांच्या तोंडून एवढं म्हणजे शाल आणि श्रीफळ दोन्ही, हे तुला वेगळं सांगायला नको.

निर्णय तुझा आहे. मी फक्त घडलं तसं कळवलं, कुणाचीही बाजू घेतलेली नाही. भाऊजींना नमस्कार, मुलांच्या पाठीत मायेचा एकेक धपाटा.

तुझा,
बारक्या
(वजन विचारू नये)

ता. क. हे पत्र पाठवण्याआधी मास्तरीणबाईंनी बाबांना वाचून दाखवलं. बाबांचं म्हणणं, पेटीचं कुलूप मुळातच भिकार होतं, तसं लिही. लिहिलं.

ता. क. २. खरं काम राहिलंच. मास्तरीणबाईंच्या जागी दुसऱ्या कुणाचा आवाज रेकॉर्ड करून घालता येतो. माझा देऊ केला, तर बाबा म्हणाले, झोप येईल. मग कानस पुसता पुसता म्हणाले, ताई लहानपणी शाळेतून आली की गल्ल्यामागच्या स्टुलावर चढून मला खण वाचून दाखवायची, तिला वेळ असेल का विचार. तेव्हा मेनूतल्या ओळी सोबत जोडल्या आहेत. एकेक सावकाश वाचून पाठव. सुट्टीत आवरायला म्हणून येणारच असशील, तर इथे बसूनच वाच. स्टूल अजून आहे.

ता. क. ३. जोडलेल्या ओळींपलीकडे स्वतःच्या मनाचं काही रेकॉर्ड करू नकोस, विशेषतः ‘बाबा, आता पुरे झालं’ हे. त्याच्यासाठी बाबांनी आकडाच ठेवलेला नाही.