कुरडयांपुरतं ऊन

आई, स्वयंपाकघरावरच्या गच्चीत बसून लिहितेय. चैत्र आहे, ऊन मी म्हणतंय, आणि तुझी फार आठवण येतेय.

गंगापूर धरणाच्या बाजूला हे घर बांधलं तेव्हा नव्वदीचं दशक सरत आलं होतं. आर्किटेक्ट लेकीचं स्वतःचं घर! एकही झाड तोडायचं नाही, सिमेंट होईल तितकं टाळायचं, मातीच्या विटा, वर कौलं, पावसाचं पाणी टाकीत. भर उन्हाळ्यात पंखा लागत नसे. लोक बघायला यायचे आणि मी अशी मिरवायचे की विचारू नकोस. पण खरं सांगू? बाबा गेल्यावर निफाडला तू एकटी होतीस. तू इथे येऊन राहावंस म्हणूनच तो सगळा खटाटोप होता.

आणि तू आलीस, कपड्यांच्या पिशवीआधी गव्हाच्या चिकाचा डबा आणि सोऱ्या सांभाळत. सकाळी चीक शिजवलास, खाटेवर बाबांचं जुनं धोतर अंथरलंस, कुरडया घातल्यास. मग निघाली खाटेची वरात! आंब्याची सावली चुकवावी तर जांभळाची येते, ती सरली की कौलांची. एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला मी, खाट धरून अंगणभर फिरतोय. संध्याकाळी कुरडया ओल्या त्या ओल्याच. पदराने घाम पुसत म्हणालीस, "घर लय गार हाय गं. पण ऊन कुठं ठेवलंस?"

मी चिडलेच. "आई, कुरडया दुकानात मिळतात!"

"मग आई बी दुकानातूनच आण," म्हणालीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निफाडला.

बाई गं, काय तो ठसका! पावसाळ्याआधी मी झाडांपासून लांबच्या या स्वयंपाकघरावरची कौलं उतरवली आणि जन्मात घालणार नाही म्हटलेला स्लॅब घातला. मग तुला फोन केला, "ऊन आलंय, ये." पुढच्या चैत्रात तू इथे अनवाणी उभी राहिलीस, पाय पोळले तशी हसलीस. "आत्ता झालं घर!" त्यानंतर शेवटपर्यंत तू इथेच राहिलीस, आणि गच्चीवर राज्य केलंस. कावळ्यांनाही धाक होता तुझा.

तुला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. सोऱ्या आहे, पण चीक मला कधी साधला नाही, गाठीच होतात. म्हणून दर चैत्रात मी दुकानातून कुरडया आणते आणि कोणी बघत नाही ना ते पाहून, त्या वाळलेल्याच कुरडया बाबांच्या धोतरावर पसरून राखण करत बसते.