बोल्ट अर्ध्यावरच थांबतो

सॅमन, आयडाहो
३ सप्टेंबर १९८७

चि. ओडेल यास ताईचे अ. उ. आ.

तू भरलेली शंभर काडतुसं पोचली. काल मैदानावर नेली आणि वीट आला. पाचातली दोन अडकतात. काडतूस आत ढकलून नळी बंद करायच्या आधीच बोल्ट अर्ध्यावर थांबतो, मग मी तो तळहाताने ठोकत बसते. शेजारच्या नेमबाजाने विचारलं, की बाई, नेम धरायचाय की खिळे ठोकायचेत.

तुझ्या शिकारीच्या रायफलीत बोल्ट हाताने रेटता येतो. माझीत पुढचं काडतूस स्प्रिंग आपोआप भरते, आणि तिच्यात बेताचाच जोर. म्हणून विचारते, वापरून फुगलेल्या पितळी खोळी साच्यात पूर्ण दाबल्यास, की गोळी बसते त्या नुसत्या माना? एकोणीसला राज्याची स्पर्धा आहे. बासष्टाव्या वर्षी पुन्हा कोण निवडणार मला? खरं ते कळव. चिडलेय, तरी लोभ असू दे.

लिओरा

डिलन, मोंटाना
८ सप्टेंबर

ती. ताईस ओडेलचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून तोंड कडू झालं. चाळीस वर्षं काडतुसं भरतोय मी. एकेक खोळ पूर्ण दाबली, दारू काट्यावर तोलली. पाठवायच्या आधी तुझ्याच पेटीतली दहा माझ्या रायफलीत बिनतक्रार बसली. तुझ्या त्या लढाईच्या काळातल्या धुडाला शेवटचं तेल कधी घातलंस? स्प्रिंग बदल आणि बिनधास्त जा. एल्क हरणाचं सुकं मांस पाठवलंय, ते तरी अडकणार नाही. धाकट्यावर लोभ आहेच, तो वाढू दे.

ओडेल

सॅमन
२४ सप्टेंबर

ओडेल यास,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. ओळी वाकड्या आल्यात, कारण एकाच डोळ्याने लिहितेय.

तुझ्या शब्दावर मी नवी स्प्रिंग घातली. स्पर्धेत सहाव्या गोळीला बोल्ट थांबला. मी ठोकला. तो पुरता बसायच्या आतच काडतूस उडालं आणि खोळ फुटली. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यातून पितळेचे तीन कण काढले. त्या डोळ्याला सध्या नुसता उजेड कळतो.

घरी येऊन उरलेली काडतुसं मापाच्या नळीत घातली, खोळ पुरती दाबलेली असेल तर ती कडेशी सपाट बसते. अठ्ठावन्नातली एक्केचाळीस कडेच्या वर राहिली. नुसत्या माना दाबल्या होत्यास. माप माझ्याच खणात होतं, भावावर कशाला शंका घ्यायची म्हणून मी ते काढलं नाही. त्याची मला स्वतःची किळस येते. पण तेल घातलंस का असं विचारताना तुला सगळं माहीत होतं, याची त्याहून जास्त येते.

लिओरा

डिलन
२९ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न.

फेब्रुवारीत कोठाराच्या शिडीवरून पडलो, तेव्हा खांदा गेला. तुला मुका मार म्हणून कळवलं होतं. खोळ पूर्ण दाबायला साच्याचा दांडा अंगाचा भार टाकून ओढावा लागतो. वीस ओढले आणि घाम फुटला. मान दाबायला दोन बोटं पुरतात, म्हणून बाकीच्यांच्या तेवढ्याच दाबल्या. ती दहा माझ्या रायफलीत बसली, कारण मी ती रेटली.

या वर्षी आणखी सहा घरांत माझी काडतुसं गेली होती. दोन दिवस फिरून सगळी परत आणली, आणि प्रत्येक दारात उभं राहून का ते सांगितलं. एक म्हातारा हसला, बाकीच्यांनी दार लावून घेतलं. दाढी करताना आरशात बघवत नाही. माफी मागत नाही, मागायला तोंड नाही.

ओडेल

सॅमन
६ ऑक्टोबर

ओडेल यास ताईचे आ.

डोळा परत येणार नाही, डॉक्टरांनी काल सांगितलं. मी तुला माफ केलेलं नाही, आणि या वर्षात करेन असं वाटत नाही.

मला आता डाव्या खांद्यावर रायफल धरायला शिकायचंय. विकतची काडतुसं परवडत नाहीत, आणि परक्याने भरलेली हातात धरवत नाहीत. शनिवारी येतेय. दांडा मी ओढीन, दारू तू तोल. प्रत्येक काडतूस माझ्या मापातून जाईल, तू समोर बसून बघायचंस. रात्रीपुरतं जेवण करून ठेव. बोलेन अशी आशा ठेवू नकोस. लोभ आहे तेवढा आहे, वाढवायला सांगत नाही.

लिओरा